आरशात न दिसणारा वारसा

आज एका वर्गापासून सुरुवात करू. चंद्रपूर किंवा गडचिरोलीतली एखादी शाळा, नववी-दहावीची मुलं. प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा आणि पेन्सिल. स्वतःचं चित्र काढायचं आणि त्यावरून आनुवंशिकता शिकायची. खळी आईची, कुरळे केस आजोबांचे. कल्पना चांगली आहे. पण असा वर्ग घेण्याआधी आपल्याला थोडा इतिहास पाहावा लागेल.

चेहऱ्यावरून वारसा ठरवण्याचा खटाटोप जुना आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर काढून भारतातल्या जातिजमातींची प्रतवारी मांडली. माणूस समोर बसलेला, पण मोजपट्टी दुसऱ्याच्या हातात. पुढे १९३० च्या सुमारास इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध असेल, अशी गुरूंची अपेक्षा. मोजमापांतून तो संबंध निघाला नाही, आणि कर्वे यांनी तसंच लिहिलं.

शाळेतली उदाहरणंही तपासून घ्यावी लागतात. जीभ गोल वळवता येणं हा एकाच जनुकाचा खेळ, असं स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये मांडलं. १९५२ मध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला जीभ वळवता येते, दुसऱ्याला नाही, असं दिसलं. पुढे स्टर्टेव्हंट यांनी चूक मान्य केली. उदाहरण मात्र वर्गांतून गेलं नाही.

मग आपल्या भागात खरं उदाहरण कोणतं? सिकलसेल. आणि गंमत बघा, ते आरशात दिसतच नाही! हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल. तो एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक, आणि सहसा धडधाकट. दोघांकडून आला तर आजार. आईवडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के. 'चारांत एक' म्हणजे पहिलं मूल आजारी निघालं की पुढची तीन सुटली, असं नव्हे. दर वेळी हिशेब नव्याने.

हा बदल टिकला कसा? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवलं की वाहकांना घातक मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे ही मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जगल्याची खूण आहे. कुणाच्या कुळाचा दोष नव्हे.

डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. त्यांच्या पाहणीत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळला. पण लोकांना ती आपली गरज वाटली नाही, हे बंग यांनीच सांगितलं आहे. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे. तपासणी होते, कार्ड मिळतं. पण त्या कार्डाचा अर्थ घरात कोण सांगणार? अर्थ कळला नाही, तर 'वाहक' हा शब्द पोरीच्या सोयरिकीत डाग होऊन बसतो.

म्हणून आपलं म्हणणं असं: चित्र आणि धडा एकत्र शिकवावेत, पण चित्रातून जनुक शोधण्यासाठी नाही. चेहरा कुठे संपतो आणि वारसा कुठे सुरू होतो, हे मुलांना स्वतः कळावं म्हणून. आणि कुणाच्याही तपासणीचा निकाल वर्गात विचारू नये. रिस्ले यांच्या काळात पट्टी दुसऱ्याच्या हातात होती. आता पेन्सिल मुलाच्या हातात आहे. काय दाखवायचं, काय नाही, हेही त्यालाच ठरवू द्या.