हेलिकोबॅक्टर पायलोरी आणि जठराचा कर्करोग

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराच्या आतल्या अस्तरावरील बुळबुळीत थरात राहणारा पिळदार जंतू. जगातील सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात तो आढळत आला आहे. लागण बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून होते आणि उपचार झाले नाहीत तर जन्मभर टिकते. बहुतेकांना तिचा पत्ताही लागत नाही. कर्करोग होतो तो बाधितांपैकी थोड्यांनाच, शंभरांत साधारण एक ते तिघांना. पण बाधितांची संख्याच इतकी मोठी की हे थोडेही फार होतात.

जठरातल्या आम्लात हा जंतू तगतो तो युरिएज या विकरामुळे. हे विकर युरियापासून अमोनिया बनवते आणि जंतूभोवतीचे आम्ल मारले जाते. निदानाची एक सोपी चाचणी यावरच बेतलेली आहे. दुर्बिणीतून अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून युरिया घातलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जंतू असेल तर तुकड्याभोवती गुलाबी रंग धरू लागतो.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. आम्लात जंतू जगतच नाहीत या समजुतीपुढे पुरावा कमी पडू लागला, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचे पाणी स्वतः प्यायले आणि काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला निश्चित कर्ककारकांच्या गटात घातले. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले.

जंतूचे काही वाण अधिक घातक असतात. ते सुईसारख्या यंत्रणेने कॅग-ए नावाचे प्रथिन थेट अस्तराच्या पेशीत टोचतात. पेशीची स्वतःची विकरे त्याला फॉस्फेट जोडतात, मग ते एसएचपी-२ या प्रथिनाला चिकटते आणि पेशीला वाढण्याचे, जागा सोडण्याचे खोटे आदेश सुटतात. पूर्व आशियातील वाणांचे कॅग-ए ही पकड अधिक घट्ट धरते. त्याच वेळी पेशीतील एनएफ-कप्पा-बी हा जनुकांचा नियंत्रक जागा होऊन दाहाची जनुके चालू करतो आणि सूज वर्षानुवर्षे धुमसत राहते.

खरे नुकसान या धुमसण्यातून होते, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. दाहात पेशीतील काही जनुकांची अक्षरे तशीच राहतात, पण त्यांच्या आरंभभागावर मिथिल गट चढतात आणि ती वाचली जाणे बंद होते. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनचे जनुक, सीडीएच-१, असेच गप्प होते. जपानमध्ये तोशिकाझु उशिजिमा यांच्या गटाने मंगोलियन जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांना लागण करून सायक्लोस्पोरिन हे दाह दाबणारे औषध दिले. जंतू होते तिथेच राहिले, पण दाह दबला आणि मिथिलीकरणही रोखले गेले. म्हणजे जनुकांना कुलूप लावतो तो मुख्यतः दाह. शिवाय दाहात एड नावाचे विकर नको त्या पेशीत तयार होते आणि पी-५३ सारख्या रक्षक जनुकांची अक्षरेच बदलू शकते.

अस्तर पुढे पातळ होते, ग्रंथी झिजतात. सीडीएक्स-२ हे आतड्याचे नियामक जनुक जठरात चालू होऊन तिथे आतड्यासारख्या पेशी उगवतात. पेलायो कोरेया यांनी मांडलेल्या या वाटेवर कर्करोगापर्यंत पोहोचायला बहुधा काही दशके जातात.

प्रतिजैविके आणि आम्लरोधक यांच्या दहा-चौदा दिवसांच्या एकत्रित उपचाराने जंतू बहुधा जातो आणि कर्करोगाचा धोका घटतो. मिथिलीकरणही उतरते, पण कधीच लागण न झालेल्या जठराइतके खाली येत नाही. त्यामुळे उपचार लवकर झाले तर लाभ मोठा. अस्तर बदलून गेल्यावर मात्र जंतू गेला तरी दुर्बिणीची तपासणी सोडता येत नाही. याच जंतूमुळे होणाऱ्या माल्ट लिम्फोमा या जठराच्या दुसऱ्या कर्करोगाची गोष्ट वेगळी आहे. तो वेळेत सापडला तर जंतू मारताच अनेकदा गाठही विरून जाते.