नित्य अनेकवचनी नामे

नित्य अनेकवचनी नामे : ज्यांचा वापर भाषेत अनेकवचनातच रूढ आहे अशी नामे. पाश्चात्त्य व्याकरणात यांना ‘प्लुरालिया टांटुम’ ही लॅटिन संज्ञा आहे. ‘बाबा आले’ यातले अनेकवचन आदरार्थी असल्याने ते या वर्गात मोडत नाही.

मराठी : डोहाळे, कांजिण्या, हाल, क्लेश, अक्षता, धिंडवडे, वाभाडे ही ठळक उदाहरणे. डोहाळे लागतात, कांजिण्या येतात, अक्षता पडतात. ‘हाल’ या नामाच्या रूपावरून वचन कळत नाही. ते ‘फार हाल झाले’ यातील क्रियापदावरून आणि ‘हालांना’ या सामान्यरूपातील अनुस्वारावरून ओळखावे लागते. समासात अनेकवचनाचा प्रत्यय गळतो : डोहाळजेवण.

हा वर्ग बंदिस्त नाही. तुकारामांच्या ‘आनंदाचे डोही’ या अभंगात ‘डोहळा’ हे एकवचन आले आहे. शालेय व्याकरणांच्या यादीत ‘शहारे’ आणि ‘रोमांच’ असतात. पण ‘अंगावर शहारा आला’ असे सर्रास म्हटले जाते, आणि थरार या अर्थी ‘रोमांच’ हल्ली एकवचनातही दिसतो.

संस्कृत : पत्नी एकच असली तरी ‘दाराः’ हा शब्द पुल्लिंगी बहुवचनात येतो. ‘आपः’ (पाणी), ‘वर्षाः’ (पावसाळा), ‘लाजाः’ (लाह्या) हे शब्दही बहुवचनातच येतात. अमरकोशात ‘दाराः’, ‘आपः’ अशा शब्दांपाशी ‘भूम्नि’, म्हणजे बहुवचनात, अशी खूण आढळते. ‘पञ्चालाः’ हे लोकांचे नाव त्यांच्या देशालाही बहुवचनातच लागते.

इतर भाषा : इंग्रजीत कात्री, विजार व चष्मा यांची नेहमीची नावे अनेकवचनी आहेत, कारण या वस्तूंना दोन जुळे भाग असतात, मराठीत तिन्ही एकवचनी आहेत. रशियनमध्ये घड्याळाला ‘चासी’ हे अनेकवचनी नाम आहे. दोन घड्याळे म्हणायची तर नेहमीचा ‘द्वा’ चालत नाही, ‘द्वोये’ हे समूहवाचक रूप लागते. हिब्रूतही पाणी (‘मायिम’) अनेकवचनीच आहे.

कारणमीमांसा : जुळे भाग, कणांचा समूह, पुन्हापुन्हा येणारी अवस्था ही कारणे सांगितली जातात. मात्र ती सर्वत्र लागू पडत नाहीत : पुरळही अंगभर उठते, तरी ते एकवचनी आणि कांजिण्या अनेकवचनी. देशनामांच्या वचनाविषयी पाणिनीने अष्टाध्यायीत (१.२.५३) म्हटले आहे, की ते नियमाने शिकवण्याची गरज नाही, तिथे रूढ संज्ञाच प्रमाण. मराठीतील या नामांनाही हाच निर्णय लागू पडतो.