बिचव्याची निवड

२०२४ साली लंडनहून वाघनखे साताऱ्यास आली, तेव्हा घरोघरी त्यांचीच चर्चा. मला मात्र बिचवा आठवला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली महाराज दोन्ही घेऊन गेले होते, असे सभासदाची बखर सांगते. निवड पाहा किती नेमकी! मिठीत तलवार उपसायला जागा कुठली? कट्यार चिलखत भेदण्यात पटाईत खरी. पण तिची आडवी मूठ, रुंद पाते कपड्यांत लपावे कसे? बिचवा लहान, हलका, विंचवाच्या नांगीसारखा वाकडा. त्याची मूठ बहुधा कडीसारखी. बोटे आत गेली, की झटापटीत शस्त्र सहसा निसटत नाही. खानाने चालविलेली जमदाड म्हणजे कट्यारीचाच प्रकार. ती महाराजांच्या चिलखतावर नुसती खरखरली. वाघनखांनी ओरबाडता येते, खोल शिरायला पातेच हवे. ते महाराजांच्या उजव्या हातात होते.