कॅप्टन नेमो आणि कुलाब्याचा मुलूख

ज्या फ्रेंच ग्रंथकाराने हिंदुस्थानच्या भूमीवर उभ्या आयुष्यात कधी पाऊल ठेवले नाही, त्याच्या कल्पनासृष्टीत आजच्या रायगड जिल्ह्याचा, म्हणजे 1981 पूर्वीच्या कुलाब्याचा, मुलूख मधूनमधून डोकावून जातो, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेतील आगबोट मुंबई बंदरात शिरते ती घारापुरी आणि बुचर या बेटांजवळून. आणि पुढे आगगाडी कल्याण सोडून घाटाकडे वळते तेव्हा वाटेत जे एक गाव लागते, ते पनवेलच असावे असे नावावरून दिसते. खुद्द पनवेलकरांना आगगाडीची शिटी ऐकण्यासाठी स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे थांबावे लागले, हा भाग निराळा! परंतु नकाशावरून उचललेली ही नावे केवळ सजावटीची होत. व्हर्नचा या मुलखाशी जडलेला खरा संबंध 1857 च्या धामधुमीतून आलेला आहे, आणि तो त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आला नसावा.

समुद्रतळाच्या सफरीची त्याची विख्यात कादंबरी 1869–70 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली, तेव्हा पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो हा कोणत्या देशाचा, हे वाचकांना सांगितलेच गेले नव्हते. व्हर्नच्या मनात तो रशियाच्या झारने ज्याचे घरदार उद्ध्वस्त केले असा पोलिश उमराव होता. परंतु रशियातील गिऱ्हाइकांवर नजर ठेवून असलेल्या हेट्झेल या प्रकाशकास ते मानवले नाही, आणि नायक बेवतनच राहिला. पुढे 1875 मध्ये ‘रहस्यमय बेटा’च्या कथेत मरणोन्मुख नेमोच्या तोंडून उलगडा होतो की, तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार असून, बंडात इंग्रजांशी लढता लढता बायकामुलांना मुकलेला आहे. व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा भाचा केले आहे. 1799 साली पडलेल्या टिपूचे बुंदेलखंडी राजघराण्याशी हे नाते कसे जुळले, याचा खुलासा मात्र कोणत्याही दप्तरात सापडायचा नाही.

अलिबागच्या किनाऱ्यावर नेमोची कथा वाचणाऱ्यास तो परका वाटत नाही, आणि याचे कारण टिपूच्या नात्यात शोधण्याची गरज नाही. समुद्रावर स्वतःची सत्ता मानणारा, परक्या सरकारचा कायदा न जुमानणारा आणि म्हणूनच परक्यांच्या कागदपत्रांत दरोडेखोर ठरलेला पुरुष या किनाऱ्याने कान्होजी आंग्र्यांच्या रूपाने प्रत्यक्ष पाहिला होता. त्यांच्या दस्तकावाचून गलबताने जाऊ नये असा त्यांचा दंडक होता. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी 1721 मध्ये एकवटून कुलाब्यावर चाल केली तीही फसली. त्यांच्या वंशजांची दौलत गेली ती लढाईत नव्हे, तर दत्तक नामंजूर करणाऱ्या एका हुकुमाने, 1840 मध्ये. झाशीचे दत्तक नाकारले जाण्यापूर्वी चौदा वर्षे हा न्याय कुलाब्यास लागू झाला होता. म्हणून डक्कारच्या क्रोधाचे मूळ येथील वाचकास वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

व्हर्नने आपल्या नायकास ज्या बुंदेलखंडाचा केला, तेथील रणकंदन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून परतलेला एक गृहस्थ याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातील वरसई गावी राहत होता. विष्णुभट गोडसे हे कर्जबाजारी भिक्षुक. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, या आशेने काकांसह 1857 च्या आरंभी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून भोगला. शहर पडल्यावर साठवलेली दक्षिणा गोऱ्या शिपायांनी लुटून नेली. आणि अखेरीस संपत्तीऐवजी मातापित्यांच्या स्नानासाठी गंगेची कावड घेऊन ते घरी आले. राजपुत्र डक्कारच्या वाट्यास व्हर्नने वीस चकमकी आणि दहा जखमा दिल्या आहेत. वरसईच्या भटजींच्या लेखणीतून उतरतात ती पाण्यावाचून तळमळणारी माणसे, जळती घरे आणि अंगणात पडलेली प्रेते. कादंबरीतील शौर्यापेक्षा ही हकिकत मला कितीतरी अधिक काळीज कापणारी वाटते.

व्हर्नने हाच विषय पुन्हा हाती घेतला तो 1880 मध्ये, आणि या खेपेस पारडे अगदी उलटे फिरवले. वाफेच्या बळावर चालणारा पोलादी हत्ती आणि त्यामागून ओढली जाणारी चाकांवरची घरे, अशा विलक्षण यंत्रातून हिंडणाऱ्या साहेबलोकांच्या त्या कादंबरीचा आरंभच औरंगाबादेत लागलेल्या एका जाहीरनाम्याने होतो: मुंबई इलाख्यात दडून बसलेल्या नानासाहेबांस जिवंत वा मृत हजर करणारास दोन हजार पौंड इनाम. हे नानासाहेब म्हणजे कर्जत तालुक्यातील वेणगावचे माधवराव नारायण भट यांचे चिरंजीव. दुसऱ्या बाजीरावांनी 1827 मध्ये ब्रह्मावर्तास त्यांना दत्तक घेतले, आणि 1851 मध्ये बाजीराव वारल्यावर आठ लाखांचे सालीना पेन्शन सरकारने बंद केले. सूडाचे जे कारण डक्कारला उदात्त करते, तेच नानांच्या ठायी राक्षसी ठरते. नानांच्या नावावर नोंदल्या गेलेल्या, बंडातील कानपूरच्या कत्तलीचे स्मरण युरोपात ताजे होते हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, नाव कल्पित असले म्हणजे बंडखोर व्हर्नला पेलतो, खरे असले म्हणजे पेलत नाही.

मराठी वाचकाने या दोघांतून निवड केली, ती कोणी न सांगता. ‘केरळ कोकिळ’ मासिकात 1900 पासून कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी व्हर्नची चंद्रलोकाची सफर मराठीत आणली आणि आपल्याकडील विज्ञानकथेचा पाया घातला गेला, पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न असा काही मराठी केला की पिढ्यान्‌पिढ्या मुलांना नेमो घरचाच वाटू लागला. पोलादी हत्तीचे मात्र नावही क्वचित कोणाच्या कानी असते, आणि वेणगावच्या शेजारच्या गावांतही याहून वेगळी स्थिती असेल असे वाटत नाही.

गोडसे भटजींची गोष्ट याहून संथ चालीची. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिल्या. त्या ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 मध्ये, भटजींच्या पश्चात, बऱ्याच फेरफारांसह छापल्या गेल्या. आणि त्यांच्या हातचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाखाली लोकांसमोर यावयास 1966 साल उजाडले.