घरांतील खेळयंत्र आणि त्याचा ताप

व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा इतिहास म्हटला म्हणजे बहुधा चित्रांचा आणि खेळांचाच इतिहास सांगितला जातो. पडद्यावर आधीं पांढरे ठिपके धांवत होते, मग रंग आले, मग डोंगर-दऱ्या आणि माणसें आलीं, असें त्याचें वर्णन असतें. परंतु त्याच यंत्राच्या पोटांत आणखी एक इतिहास घडत होता आणि तो उष्णतेचा आहे. विजेवर चालणारें गणकयंत्र जी वीज घेतें, ती जवळजवळ सर्व अखेर उष्णतेच्या रूपानें परत देतें. त्यानें चित्र काढलें काय आणि नुसती बेरीज केली काय, त्याच्या अंगीं ताप हा यावयाचाच. हा ताप बाहेर काढण्याच्या कामीं घरगुती यंत्रांत द्रवाचा प्रवेश कसा झाला, हें आज पाहावयाचें आहे.

आरंभीं हा प्रश्न फारसा नव्हता. १९७२ सालीं अमेरिकेंत मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें ‘ओडिसी’ नांवाचें पहिलें घरगुती खेळयंत्र विक्रीस काढलें. तें टॉर्चमध्यें घालतात तशा सेलांवर चालत असे. १९८३ सालीं जपानांत निन्टेन्डो कंपनीचें ‘फॅमिकॉम’ आलें. त्यालाही पंखा नव्हता. निर्माण होणारी ऊब इतकी अल्प होती कीं, ती पेटीच्या अंगावाटे आपोआप हवेंत मिसळून जाई.

मोठ्या संस्थांतील गणकयंत्रें मात्र याच काळांत पाण्यावांचून चालेनाशीं झालीं होतीं. आय. बी. एम. कंपनीच्या १९८० सालच्या ३०८१ या यंत्रांत चिपांच्या पाठीवर धातूचे लहान दट्टे टेकविलेले असत आणि दट्ट्यांनीं वर आणलेली उष्णता थंड पाण्याचा प्रवाह वाहून नेई. १९८५ सालीं सेमूर क्रे यांचें ‘क्रे-२’ पुढें आलें. त्यांत तर यंत्राचीं सर्व मंडलें वीज वाहून न नेणाऱ्या ‘फ्लुओरिनर्ट’ नांवाच्या द्रवांत बुडवून ठेविलेलीं होतीं. द्रवाचा हा आश्रय सकारण होता. तापमान सारखेंच वाढूं दिलें तर पाण्याचें एक घनमाप तेवढ्याच हवेच्या तीन हजारांहून अधिक पट उष्णता सामावून घेतें.

मग हेंच पाणी घरांतल्या यंत्राला कां नको? याचें उत्तर पदार्थविज्ञानांत नाहीं, गृहव्यवस्थेंत आहे. ‘क्रे-२’ला स्वतंत्र दालन होतें, पंप होते आणि देखरेखीला माणसें होतीं. घर या तिहींपैकीं कांहींच देत नाहीं. उलट घराच्या स्वतःच्या तीन अटी असतात : यंत्रानें गोंगाट करूं नये, त्याची किंमत संसाराला झेपावी, आणि एकदां ठेविल्यावर त्याची निगा राखण्याचें काम कोणाच्या गळ्यांत पडूं नये. वाहतें पाणी या तिन्ही अटींना अवघड जातें. नळी आज ना उद्यां झिजते, जोड गळतो, आणि गळलेलें पाणी विजेच्या यंत्रांतच पडतें. म्हणून घराला असा द्रव हवा होता कीं, जो काम करील परंतु दिसणार नाहीं, आणि ज्याला पंपाची गरज लागणार नाहीं.

ही युक्ति समजण्यास आपल्या घरांतील दोन वस्तु पुरेशा आहेत. पहिली माठ. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातें आणि जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. दुसरी समई. तिची वात कोणी ढकलल्यावांचून तेल वर ओढून घेते. आतां एक तांब्याची नळी घ्या. तिच्यांतील हवा काढून थोडेसें पाणी घाला, आंतून वातीसारखें सच्छिद्र अस्तर द्या आणि दोन्ही टोंकें कायमचीं बंद करा. एक टोंक तापलें कीं तेथील पाण्याची वाफ होते. ती थंड टोंकाकडे धांवते, तेथें उष्णता सोडून पुनः पाणी होते, आणि तें पाणी अस्तरांतून मूळ जागीं परततें. नळीच्या आंत हवा नसल्यामुळें पाणी पुष्कळच कमी तापमानाला उकळतें. हीच ‘हीट पाइप’ किंवा उष्णतानलिका होय. अमेरिकेंत जनरल मोटर्समधील आर. एस. गॉगलर यांना या कल्पनेचें पेटंट १९४४ सालीं मिळालें होतें. पुढें ती कल्पना अडगळींत पडली आणि १९६३ सालीं लॉस अलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यांनीं तिचा स्वतंत्रपणें नव्यानें शोध लाविला. त्यांच्यापुढें प्रश्न होता तो अंतराळयानांचा, मुलांच्या खेळांचा नव्हे.

परंतु पस्तीस वर्षांनीं ती खेळांपर्यंत येऊन पोंचली. २७ नोव्हेंबर १९९८ रोजीं सेगा कंपनीनें जपानांत ‘ड्रीमकास्ट’ विक्रीस आणलें. त्याची मुख्य चिप हिताची कंपनीची असून ती सेकंदाला वीस कोटी ठोके देत असे. जपानांत आरंभीं विकलेल्या यंत्रांत चिपांची उष्णता द्रव भरलेल्या अशा नळीवाटे पंख्यापाशीं नेलेली होती. दिवाणखान्यांतील खेळयंत्रांत द्रव शिरला तो असा, मोहोरबंद होऊन. मात्र थोड्याच काळांत पुढील आवृत्त्यांत ती नळी गेली आणि तिच्या जागीं साधा धातूचा उष्णताशोषक आला. घराच्या अटी द्रवाला इतक्या सहजासहजीं पत्करूं देत नाहींत, हें यावरून दिसतें.

त्या अटींची खरी कसोटी २००५ सालीं लागली. मायक्रोसॉफ्ट कंपनीचें ‘एक्सबॉक्स ३६०’ त्या वर्षीं २२ नोव्हेंबरला बाजारांत आलें. त्याचे खेळ प्रथम ज्या यंत्रांवर रचले गेले तीं ॲपल कंपनीचीं ‘पॉवर मॅक जी ५’ यंत्रें होतीं, आणि त्याच वंशांतील २००४ सालच्या सर्वांत वेगवान यंत्राला थंड ठेवण्यासाठीं ॲपलला पंप व नळ्यांसह वाहत्या द्रवाची योजना करावी लागली होती. त्यांपैकीं कांहीं यंत्रांत पुढें गळतीही झाली. ‘एक्सबॉक्स ३६०’ला हा थाट परवडणारा नव्हता. सडपातळ पेटी, मुख्य चिपेवर उष्णतानलिका असलेला शोषक, चित्रें काढणाऱ्या चिपेवर तबकडीच्या कप्प्याखालीं दडपलेला बुटका शोषक आणि मागें पंखे, एवढ्यावर दीडशे वॅटहून अधिक शक्ति सांभाळावयाची होती.

घरोघर यंत्रें बंद पडूं लागलीं. समोरचे तीन दिवे तांबडे झाले कीं खेळ संपला. कांहीं लोक यंत्राला टॉवेल गुंडाळून तें मुद्दाम आणखी तापवीत, आणि आश्चर्य असें कीं, कित्येकदां तें थोडा वेळ चालूंही लागे. या विपरीत उपायांतच रोगाचें निदान होतें. यंत्र सुरू झालें कीं चिप प्रसरण पावते, बंद झालें कीं आकुंचते. या नित्याच्या ओढाताणीनें चिपेच्या आंतील सूक्ष्म जोड तुटत होते, असें कंपनीच्या इतिहासावरील २०२१ च्या माहितीपटांत तेथील अधिकाऱ्यांनींच सांगितलें. जुलै २००७ मध्यें मायक्रोसॉफ्टनें या दोषापुरती हमी तीन वर्षांची केली आणि त्यासाठीं शंभर कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद केली. त्याच वर्षीं दुरुस्त होऊन येणाऱ्या यंत्रांत दुसऱ्या चिपेसाठींही उष्णतानलिका बसविलेली आढळूं लागली. जी बचत पेटी आंखतांना केली, तिचें व्याज असें फेडावें लागलें. आणि जीं यंत्रें तीन वर्षांनंतर बंद पडलीं, त्यांचा भार अर्थात् त्या त्या कुटुंबावर पडला.

या काळांत हौशी कारागिरांनींही हात चालविले. बेन हेकेन्डॉर्न या अमेरिकन कारागिरानें २००६ सालीं तेंच यंत्र मांडीवर मावेल अशा पेटींत बसविलें आणि त्याला खरोखरीचें पाणी खेळवून थंड ठेविलें. तें पाहून अनेकांना हुरूप आला. पण दुरुस्तीचा राजमार्ग वेगळाच निघाला. २०१० च्या नव्या आवृत्तींत दोन्ही मुख्य चिपा एक करून त्यांची घडण सूक्ष्म केली गेली. त्यामुळें मूळ तापच उतरला. ताप आल्यावर काढा देण्यापेक्षां तो येऊंच न देणें बरें, हें तत्त्व येथेंही खरें ठरलें.

तरीही यंत्रांची भूक वाढतच राहिली आणि द्रव परत आला. २०१७ च्या ‘एक्सबॉक्स वन एक्स’मध्यें चपटी बाष्पपेटी होती, ती म्हणजे उष्णतानलिकेचीच सपाट बहीण. २०२० सालीं सोनी कंपनीनें ‘प्लेस्टेशन ५’मध्यें चिप आणि शोषक यांच्या फटींत द्रव धातूच घातला. अशा मिश्रणांतला मुख्य घटक गॅलियम हा सुमारें तीस अंशांवर, म्हणजे तळहाताच्या उबेनें वितळतो. तो उष्णता उत्तम वाहतो, पण वीजही वाहतो आणि अल्युमिनियमला पोखरतो. म्हणून त्याचा एक थेंबही बाहेर जाऊं नये यासाठीं कंपनीनें दोन वर्षांहून अधिक काळ तयारी केली होती.

सारांश, घरानें द्रवाला दार उघडलें तें नदी म्हणून नव्हे, थेंब म्हणून. पंप आणि नळ दालनांत राहिले. घरांत आली ती बंद नळी, चपटी पेटी आणि धातूचा पातळ लेप. पण एक गोष्ट कोणत्याही युक्तीनें बदलली नाहीं. उष्णता नाहींशी होत नाहीं. ती केवळ जागा बदलते. चिपेंतून निघालेला ताप शेवटीं आपल्याच खोलींत येतो. म्हणून नवें खेळयंत्र पारखतांना पडद्यावरील चित्राइतकेंच त्याच्या पाठीकडेही पाहावें, आणि त्याच्या श्वासाला भिंतीपासून वीतभर मोकळी जागा द्यावी.