‘इमरोज’चा संपादक

दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या धाराशिव जिल्ह्यातील शाळांवर झेंडा चढतो आणि मुक्तिसंग्रामाची भाषणे होतात. वर्गात मी मुलांना विचारतो, हा लढा कोणाविरुद्ध होता? बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येते, ‘मुसलमानांविरुद्ध!’ अशा वेळी मी त्यांना एका वर्तमानपत्राची हकीकत सांगतो.

पत्राचे नाव ‘इमरोज’, म्हणजे ‘आज’. हैदराबादेतून निघणारे हे उर्दू दैनिक. संपादक शोएबुल्लाखान हा उस्मानिया विद्यापीठाचा पदवीधर. तो पूर्वी ज्या ‘रय्यत’मध्ये लिहीत असे, त्या पत्रावर निजाम सरकारने बंदी घातली; तेव्हा नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने ‘इमरोज’ काढले.

उर्दू ही त्या राज्याची सरकारी भाषा. आमच्या वाडवडिलांच्या लेखी ती कचेरीची, हुकुमाची भाषा होती. त्याच भाषेत हा तरुण रोज लिहू लागला, की हैदराबादने भारतात सामील व्हावे, राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यावा आणि रझाकारांचा धुमाकूळ थांबवावा. परके लोक असे बोलले तर दरबार दुर्लक्ष करू शके. येथे बोलणारा घरचाच होता.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. तेव्हा ही केवळ दूरच्या राजधानीची गोष्ट आहे, असे आम्हांला म्हणता येत नाही.

२१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री काम आटोपून शोएबुल्लाखान मेहुण्यासह घरी निघाला होता. वाटेत मारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या आणि त्याचा हात तोडला. मेहुण्याचाही हात गेला. पहाट होण्यापूर्वी संपादकाने प्राण सोडला. वय अवघे २७ वर्षे. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत निजामाने शरणागती पत्करली. ती पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

रझवी आणि शोएबुल्लाखान दोघेही मुसलमान, दोघांचीही भाषा उर्दू. एकाने तिच्यातून द्वेष पेरला, दुसऱ्याने न्याय मागितला.

दिवाळीत अंगणात किल्ला मांडून मुले गोष्ट ऐकायला बसतात. शूरांच्या गोष्टी आपण सांगतोच. यंदा त्यांत ही एक सांगावी. या शूराच्या हाती तलवार नव्हती, लेखणी होती.