धूळपाटीपासून मोबाईलपर्यंत : वर्गातील यंत्र आणि शिक्षक



“आता संगणक आला, मोबाईल आला, मग शिक्षकाचे काम काय उरले?” असा प्रश्न हल्ली घरोघरी ऐकू येतो. उलट, “मोबाईलने मुले बिघडली, ते यंत्र शाळेत नकोच,” असे म्हणणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही की, वर्गात बरेवाईट जे काही घडते ते यंत्रामुळे घडते. इतिहास मात्र निराळे सांगतो. तो थोडक्यात आपणापुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांनी मकतबात अलिफ-बे गिरविले ते लाकडी तख्तीवर. तख्ती धुवायची, तिच्यावर मुलतानी मातीचा लेप द्यायचा, वाळली की बोरूने लिहायचे आणि सबक पाठ झाला की पुन्हा धुवून टाकायची. पंतोजींच्या शाळेत याच कामासाठी धूळपाटी असे. कागद महाग, म्हणून चुकले तर पुसता येईल अशी ही साधने. आज आपण त्यांना यंत्र म्हणणार नाही. पण त्या काळचे शिक्षणाचे तंत्र तेच होते.

या धुळीची एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक झाले. एके दिवशी त्यांनी एका देशी शाळेत मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली. ही युक्ती आपल्या शाळेत आणावी असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी आपल्या मास्तरांना तसे सांगितले, परंतु “हे जमणार नाही,” असे त्यांचे उत्तर आले. तेव्हा बेलसाहेबांनी जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपविला. मास्तरांना जे अशक्य वाटले ते त्या मुलाने करून दाखविले. १७९७ मध्ये बेल यांनी हा अनुभव इंग्लंडमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि वाळूवर लिहिण्याची आपल्या देशातील रीत विलायतेच्या शाळांत जाऊन पोहोचली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. वाळू तीच होती, मुलेही तीच होती. फरक पडला तो शिकविणाऱ्याच्या मनात. मास्तरांना ती युक्ती नको होती, त्या मुलाला ती हवी होती.

पुढे यंत्रे बदलत गेली आणि प्रत्येक यंत्राबरोबर मोठी भाकिते आली. चित्रपटाच्या यंत्रावर काम करणारे थॉमस एडिसन यांनी १९१३ साली सांगून टाकले की, शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि सारे शिक्षण चित्रपटातून होईल. शंभरांहून अधिक वर्षे लोटली. पुस्तके आपल्या दप्तरात अजून आहेत.

आपल्या देशातील सर्वांत मोठा प्रयोग झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात. अमेरिकेचा उपग्रह वापरून इस्रोने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविली. इंग्रजीत त्याचे लघुनाव ‘साइट’ असे होते. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम होत. ज्या गावांनी दूरचित्रवाणी कधी पाहिलीही नव्हती, तेथे ती वर्गात आली. पण या प्रयोगातील फारशी चर्चा न झालेला भाग मला अधिक मोलाचा वाटतो. याच संचांवरून सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण देण्यात आले. योजना आखणाऱ्यांनी ओळखले होते की, पडद्यावरचा धडा संपल्यावर मुलांचे प्रश्न झेलण्यासाठी वर्गात माणूस लागतो.

यानंतर साधनांची रांगच लागली. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था सुरू झाली आणि शालेय कार्यक्रम मराठीतून तयार होऊ लागले. २०१७ मध्ये ती बंद झाली. त्याच १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारने सुमारे २५० माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश संगणक दिले. त्यांची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या मोबाईलवरील एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. साधनांना तोटा नव्हता. परंतु जेथे संगणक आला आणि तो हाताळणारा शिक्षक तयार झाला नाही, तेथे खोलीला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, हे दृश्य कोणाच्याही परिचयाचे आहे.

आता आपल्याच महाराष्ट्रातील एका शिक्षकाची गोष्ट पाहू. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले रुजू झाले. शाळेची पडकी इमारत जनावरांचा गोठा आणि कोठार यांच्यामध्ये सापडलेली होती. पुष्कळ मुलांच्या घरची बोली कन्नड, आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत. मुलींना शाळेत पाठविण्याऐवजी लवकर उजवून टाकण्याकडे कल.

अशा ठिकाणी या शिक्षकाने पहिले काम कोणते केले? यंत्र आणले नाही. ते प्रथम कन्नड शिकले. मुलांच्या भाषेत धडे तयार केले. त्यानंतर पहिली ते चौथीच्या पुस्तकांत त्यांनी क्यूआर कोड बसविले. हा चौकोनी ठिपक्यांचा छाप १९९४ मध्ये जपानात मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाला होता. कारखान्यातील ही खूण डिसले गुरुजींनी मुलांच्या वाचनासाठी राबविली. घरच्या मोबाईलने छाप टिपला की त्या पानावरची कविता ऐकू येई, गोष्ट किंवा धडा दिसे. आई-वडिलांना वाचता येत नसले तरी मुलाचा अभ्यास घरी चालू राहील, अशी ही सोय होती.

२०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यातील पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने त्यांच्या कामाबद्दल नमूद केले की, गावातील मुलींची शाळेतील हजेरी शंभर टक्के झाली आणि बालविवाह थांबले. क्रम ध्यानात घ्या : आधी मुलांची भाषा, मग धडा आणि शेवटी यंत्र.

हे सारे आपणास सांगण्याचे कारण असे की, आज यंत्र शाळेच्या दारात थांबलेले नाही. ते आपल्या घरात शिरले आहे. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि मोबाईल हाच वर्ग झाला. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भागातील शाळकरी मुलांच्या घरी २०१८ मध्ये शेकडा ३६ ते ३७ स्मार्टफोन होते. २०२० मध्ये ते प्रमाण सुमारे ६२ झाले. पण फोन घरात आहे म्हणजे तो सर्वांना मिळतो असे नाही. २०२३ साली याच संस्थेने २८ जिल्ह्यांतील १४ ते १८ वर्षे वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी शेकडा सुमारे ४४ जणांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये तेच प्रमाण अवघे २० होते.

पालकहो, हा आकडा परक्या घरचा समजू नका. भाऊ रात्री उशिरापर्यंत खेळ पाहत बसतो आणि बहिणीने गणिताच्या धड्यासाठी फोन मागितला की, “मुलीच्या जातीला फोन कशाला?” असे उत्तर मिळते. एकेकाळी मुलींच्या हाती तख्ती-पाटी देण्यासही लोक असेच कचरत होते. ज्यांनी ती दिली, त्यांच्या लेकी पुढे शिकविणाऱ्या झाल्या. प्रत्येकीला स्वतःचा फोन घेऊन द्या, असे माझे म्हणणे नाही. घरचा फोन रोज ठरावीक तासभर मुलीच्या अभ्यासासाठी राहील आणि त्या वेळी घरातले वडील माणूस जवळ बसेल, एवढे तरी ठरवू या. पालकसभेत “किती संगणक घेतले?” असे आपण विचारतो. त्याच्याच जोडीने “किती शिक्षक ते चालवावयास शिकले?” असेही विचारू या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे. उत्तर फोन देईल. पण तुम्हाला ते खरेच समजले की नाही, हे तुमच्या चेहऱ्यावरून ओळखणारा तुमचा शिक्षकच असेल. म्हणून फोनवर पाहिलेले दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन जा आणि हात वर करून विचारा.